चौसष्ट

टेलिफोनवाला आला तेव्हा ओहोटी होती,
बंदराच्या तळाचा चिखल उन्हात चकाकत होता.
त्यानं बूट दाराबाहेर काढले,
भिंतीत एक पांढरी पेटी बसवली,
शेजारी पुस्तकाएवढा अडॅप्टर ठेवला
आणि म्हणाला, "फ्राऊ यान्सेन,
आता तुमच्या एकाच तारेत दोन वाटा.
हिच्यावर चौसष्ट, तिच्यावर चौसष्ट,
जोडल्या की एकशे अठ्ठावीस."
"आणि बिल?" एन्नोनं विचारलं.
"तेही जोडूनच."
हसला मात्र तो एकटाच.

एन्नोला याहून जास्त समजवावं लागलं नाही.
तीस वर्षं तो गावामागच्या कालव्याचे
दोन पाणदरवाजे सांभाळतोय.
पाणी फार साचलं की दोन्ही उघडायचे,
बोट आत यायची असली
की एक लावून घ्यायचा.
"तेच हे," म्हणाला, आणि जेवायला बसला.

फोन आला तर काय, हे मीच विचारलं.
टेलिफोनवाला पायरीवर बसून बूट चढवत होता.
एक वाट आपसूक सोडली जाते, म्हणाला,
फोन ठेवला की पुन्हा जोडली जाते.
आणि तिसरा एक बारीक धागा असतो, सोळाचा.
त्यावरून बोलणं जात नाही.
कुणीतरी बोलावतंय, एवढंच तो कळवतो.
तो कधी झोपत नाही.

मी समुद्राच्या बांधांचे नकाशे काढते.
कुठे खचलाय, कुठे सशांनी पोखरलाय,
मेंढ्यांनी कुठे गवत मुळासकट खाल्लंय.
एकेक नकाशा अठरा मेगाबाइट,
आणि एमडेनच्या छापखान्याला सगळे सकाळी सहाच्या आत हवे.
म्हणून रात्री, दर उतरल्यावर, साडेबाराला बसते.
घंटी बंद. एन्नोला पाचच्या भरतीला उठायचं असतं.
अडॅप्टरवर दोन हिरवे दिवे.

दीडच्या सुमाराला त्यातला एक विझतो.
गोदीतली पाळी संपवून हिल्को
ऐंशी किलोमीटर गाडी हाकत
नोर्डेनच्या खोलीवर पोचलेला असतो.
एकदाच वाजवतो, ठेवतो.
पैसे पडत नाहीत, आणि बोलावंही लागत नाही.
(शेवटचं धड बोललो ते ईस्टरला,
तेही गाडीच्या टायरांबद्दल.)
पडद्यावर आकडा अर्ध्यावर येतो,
मग थोड्या वेळानं दुसरा दिवा लागतो.
पहिले काही महिने मी चिडायचे.
नकाशा रखडतो, बाबा, उद्या सांग की.
हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही,
बरं झालं.

नोव्हेंबरात एका रात्री धुकं असं उतरलं
की अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसेना.
दीड वाजला. दोन्ही दिवे.
दोन. एकशे अठ्ठावीस.
नकाशे कसे सुळसुळ गेले!
एवढा वेग त्या तारेला मी कधी पाहिला नव्हता,
आणि एवढा रागही कशाचा आला नव्हता.
खडीसाखरेवर चहा ओतला, ती तडकली,
त्या आवाजानंसुद्धा दचकले.

तीनला दहा कमी असताना सातवा नकाशा पोचला.
काम संपलं. तार सोडायला हवी होती,
मिनिटाला दुहेरी पैसे चढत होते.
पण घंटी बंद, आणि ती चालू करायला हात धजेना,
वाजली नाही तर?
दिवा विझायला आधी तो लागलेला हवा.
मी पहिला नकाशा पुन्हा पाठवायला घेतला.
मग दुसरा.
छापखान्यातला म्हातारा ओके सकाळी म्हणेल,
फोल्केचं डोकं फिरलं.

तीन पंचवीसला
डावीकडचा दिवा गेला.

जिन्यावर एन्नो उभा होता, अनवाणी,
कधीपासून कोण जाणे.
"पोचला?"
"चौसष्ट," मी म्हटलं.
तो वळला, वर गेला,
पलंग करकरला.
मी तार सोडली नाही लगेच.
नकाशा अर्धाच गेला होता, हळूहळू जात होता,
जाऊ दिला.